घरच्या घरी मॅनहॅटन, आणि व्हर्मुथची बाटली शोकेसमधून काढायची विनंती

मॅनहॅटन या कॉकटेलचं नाव ऐकायला लय मोठं वाटतं, पण त्यात आहे काय, तर व्हिस्की, गोड लाल व्हर्मुथ (झाडपाल्याच्या, मसाल्यांच्या वासाची दारू) आणि बिटर्स नावाच्या कडू अर्काचे थोडे थेंब, बर्फात ढवळायचं, गाळायचं, संपलं. ज्यूस नाही, सिरप नाही, मिक्सर नाही. कोल्हापुरात बसणारी माणसं बहुतेक व्हिस्कीवाली, त्यामुळं ज्याला घरी कॉकटेल शिकायचंय त्याला मी जिनच्या नादाला लावत नाही, आधी हेच करायला सांगतो. व्हिस्कीची चव ओळखीची असते, नवीन फक्त व्हर्मुथ शिकायची.

आणि गाडी तिथंच अडते. भरपूर लोकांची तक्रार असते की पुण्या-मुंबईत बारमध्ये प्यालं तेव्हा काटा किर्र लागलं, घरी तेच सामान आणून केलं तर आंबूस, मचूळ, जुन्या लाकडासारखं कायतरी लागतंय. मग दोष व्हिस्कीला दिला जातो, नायतर "आपल्याला नाय जमत भावा" म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा दोष व्हर्मुथचा असतो, म्हणजे तिचाही नाही, ती बाटली जिथं ठेवली तिथला. हॉलमध्ये शोकेस, शोकेसमध्ये लाइट, लाइटखाली फॉरेनहून आणलेल्या बाटल्या, आणि त्यात व्हर्मुथ, दोन वर्षांपूर्वी उघडलेली आणि अर्धी रिकामी. एका मित्राकडं अशी बाटली मी उघडून वास घेतला, झाकणाच्या आट्यांवर साखरेची चिकट तपकिरी रेघ साचलेली, आणि आतून संत्र्याचा, मसाल्याचा, कशाचाच वास नाही, फक्त शिळ्या मनुकांचा आणि मागून थोडा व्हिनेगरचा. त्याच बाटलीतनं तो पाहुण्यांना पेग करून द्यायचा.

तर पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे की व्हर्मुथ ही वाइन आहे. व्हिस्की, रम, ब्रँडी उघडून वर्षभर ठेवली तरी फार काही बिघडत नाही कारण त्यांच्यात अल्कोहोल चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतो. व्हर्मुथमध्ये तो साधारण १५ ते १८ टक्के असतो. युरोपातल्या नियमानुसार व्हर्मुथमध्ये निदान ७५ टक्के वाइन असावीच लागते, तिच्यात थोडं स्पिरिट घालून जोर वाढवतात (१४.५ ते २२ टक्क्यांच्या मधे), मग साखर आणि मग झाडपाल्याचा, सालींचा, मसाल्यांचा अर्क. लाल रंग बघून लोकांना वाटतं रेड वाइनची असणार, पण बऱ्याचशा लाल व्हर्मुथ पांढऱ्या वाइनच्याच असतात, तो रंग जळलेल्या साखरेचा, म्हणजे कॅरॅमलचा असतो.

त्या झाडपाल्यात एक गोष्ट सक्तीची आहे, आर्टेमिसिया कुळातली वनस्पती. ती नसेल तर व्हर्मुथ म्हणताच येत नाही. आता हे नाव परकं वाटेल, पण आपला दवणा त्याच कुळातला आहे! चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याबरोबर जो दवणा असतो, सगळा डोंगर ज्याच्या वासानं भरलेला असतो तो. युरोपातली वनस्पती वेगळी आहे आणि जास्त कडू आहे, पण कोल्हापूरच्या माणसानं ताजी व्हर्मुथ ग्लासात ओतून नाकाजवळ नेली की वासातला एक धागा नक्की ओळखीचा वाटतो, कडवट, हिरवा, जरा औषधी आणि तरी गोड. हा वास ज्या बाटलीत येत नाही ती बाटली कॉकटेलला घेऊ नका, इतकी साधी परीक्षा आहे. त्या वासासाठीच तर एवढा खटाटोप.

ही आताची गोड व्हर्मुथ इटलीतल्या तुरिन शहरातली, १७८६ साली आंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो यानं ती तिथं विकायला काढली असं मानतात. फ्रान्समध्ये नंतर फिकट, कोरडी, कमी साखरेची तयार झाली. मॅनहॅटनला इटालियन पद्धतीची गोड लाल लागते. ड्राय व्हर्मुथ मार्टिनी नावाच्या कॉकटेलला लागते, आणि इथं दुकानात हमखास गोंधळ होतो, कारण मार्टिनी हे व्हर्मुथच्या एका इटालियन कंपनीचंही नाव आहे. दुकानात जाऊन नुसतं "मार्टिनी द्या" म्हटलं तर हाताला येईल ती बाटली देतात. लेबल स्वतः वाचा, रोसो लिहिलेलं पाहिजे. बियान्को म्हणजे पांढरी गोड, एक्स्ट्रा ड्राय म्हणजे कोरडी, या दोन्ही आज नकोत. चिंझानो रोसो मिळाली तरी चालते. कार्पानो अँटिका किंवा कोक्की कुठं दिसली आणि खिसा परवानगी देत असेल तर जरूर घ्या, त्यांच्यात व्हॅनिला, कोको, कडवटपणा असं बरंच काही आहे, पण शिकायला साधी रोसो पुरते.

कोल्हापुरात प्रत्येक वाइन शॉपमध्ये व्हर्मुथ असतेच असं नाही. मोठ्या दुकानात विचारायचं, नसेल तर मागवून द्यायला सांगायचं, ओळखीचा दुकानदार असेल तर डिस्ट्रिब्युटरला फोन करून चार-आठ दिवसांत आणून देतो. पुढच्या काचेत उन्हाला उभी असलेली, धूळ बसलेली बाटली घेऊ नका, सीलबंद असली तरी ऊन लागलं की वास उतरतो. छोटी बाटली मिळाली तर छोटीच घ्या. आणि गोव्याहून आणायचा मोह टाळा, हे मनापासून सांगतोय. आपल्याकडनं गोवा जवळ, तिथं दारू स्वस्त, प्रत्येकाला वाटतं दोन बाटल्या डिकीत टाकू, पण गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे आणि आंबोली, बांदा बाजूला राज्य उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतातच. एका बाटलीपायी गाडी अडकून बसते. त्याच ओघात, महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि पिण्याचं परमिट लागतं. ते काढून ठेवा, अवघड काही नाही.

बाटली घरी आली आणि उघडली की त्या क्षणापासून ती फ्रीजमध्ये. उघडलेल्या दुधाच्या पिशवीला जी वागणूक देता तीच हिला द्यायची. हवेतला ऑक्सिजन वाइनला लागला की सुगंधी अर्क आधी मरतात, मग आंबूसपणा येतो, आणि थंडीत हे सगळं हळू होतं एवढाच फ्रीजचा उपयोग. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ३८ च्या वर जातो, त्या गरमीत शेल्फवर ठेवलेली व्हर्मुथ दोन-तीन आठवड्यांत उतरते. फ्रीजमध्ये ठेवली तर महिना-दीड महिना छान राहते, दोन महिन्यांपर्यंत चालवून घेता येते. झाकण घट्ट लावा आणि बाटलीवर मार्करनं उघडल्याची तारीख टाका. अजून एक, बाटली अर्धी झाली की उरलेली व्हर्मुथ स्वच्छ धुतलेल्या, पूर्ण वाळवलेल्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवायची, वर हवाच राहत नाही मग बिघडायचं प्रमाण एकदम कमी होतं. घरात फ्रीजमध्ये बाटली ठेवायची अडचण असेल, आई-वडील असतील, पोरं असतील, तर ही छोट्या बाटलीची युक्ती तिथंही कामाला येते.

आता व्हिस्की. मूळ कृतीत राय व्हिस्की आहे, म्हणजे अमेरिकेतली, निम्म्याच्या वर राय नावाच्या, गव्हासारख्या धान्याची (आपली राई-मोहरी नव्हे), जरा तिखट, मिरमिरीत. ती आपल्याकडं सहज मिळत नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा तिथंही राय मिळेनाशी झाली आणि लोक कॅनडाच्या व्हिस्कीवर करायला लागले, त्यामुळं बदल करायला लाजायचं कारण नाही. सोपा पर्याय बर्बन, तीही अमेरिकेतलीच व्हिस्की, त्यातली जिम बीम सगळीकडं मिळते. बर्बन मक्याची असते म्हणून गोडसर असते, मग व्हर्मुथ थोडी कमी आणि बिटर्स एक झटका (बाटली उलटी करून एकदा झटकली की पडेल तेवढं) जास्त. जॅक डॅनियल्सनंही होतं. भारतीय सिंगल माल्ट, अमृत किंवा पॉल जॉन, यांच्यावर केलेलं मॅनहॅटन मला स्वतःला फार आवडतं, बार्लीचा जाडपणा येतो.

पण रोजची स्वस्तातली व्हिस्की यात घालू नका. इथं मी जरा अडून बसतो. आपण साखर कारखान्यांच्या भागातली माणसं, मळी म्हणजे काय आणि तिचं पुढं काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. स्वस्तातल्या बऱ्याच भारतीय व्हिस्कीत मुख्य भाग मळीपासून काढलेल्या न्यूट्रल स्पिरिटचा, म्हणजे स्वतःची चव नसलेल्या अल्कोहोलचा असतो, त्यात थोडी माल्ट, थोडी स्कॉच, थोडा रंग आणि गोडवा. सोडा घातला, बर्फ घातला, शेजारी चकणा असला की ती चालून जाते. मॅनहॅटनमध्ये मात्र लपायला जागाच नसते, धान्याची चव नसली की व्हर्मुथचा गोडवा एकटाच पुढं येतो आणि खोकल्याच्या औषधाची आठवण होते. एका ग्लासाला ६० मिली लागते, महिन्यातनं दोनदा करायचं असेल तर तेवढ्यापुरती बरी व्हिस्की घ्या.

बिटर्स म्हणजे अँगोस्तुरा. पिवळं टोपण आणि बाटलीपेक्षा मोठं, मानेपर्यंत आलेलं कागदी लेबल, एकदा बघितली की विसरणार नाही. योहान सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८२४ मध्ये व्हेनेझुएलातल्या अँगोस्तुरा गावात पोटाचं औषध म्हणून तयार केलं, आता त्रिनिदादमध्ये बनतं. ताकद ४४.७ टक्के आहे, म्हणून ही बाटली मात्र बाहेर ठेवली तरी चालते आणि वर्षानुवर्षं पुरते. एका झटक्यात पाव चमच्याहून कमीच पडतं. हे वगळून चालेल का असं सगळे विचारतात. नाही चालणार. मिठाशिवाय रस्सा जेवायला घेणार नाही ना, तसंच हेही.

मिळालीच नाही तर घरी कामचलाऊ करता येतं. काष्ठौषधीच्या दुकानात काडेचिराईत मिळतं, लहानपणी ताप आला की ज्याचा काढा नाक दाबून पाजायचे तेच. अँगोस्तुरात जेन्शियन नावाचं कडू मूळ असतं, काडेचिराईत वनस्पतीशास्त्रात त्याच घराण्यातलं आहे, म्हणून कडवटपणाची जात जुळते. १०० मिली व्होडकात काडेचिराईताच्या चिमूटभर काड्या, एका संत्र्याच्या सालीचा फक्त नारिंगी भाग, दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि एक हिरवी वेलची ठेचून टाका. काचेच्या बरणीत अंधारात ठेवा, रोज एकदा हलवा. लवंग आणि काडेचिराईत भराभर उतरतात, म्हणून तिसऱ्या दिवशी एक थेंब पाण्यात टाकून चाखा, कडवटपणा पुरेसा आला असेल तर त्या काड्या आणि लवंगा काढून टाका आणि बाकीचं आठवडाभर राहू द्या. मग कापडातनं गाळून ड्रॉपरच्या बाटलीत भरायचं. अँगोस्तुराची हुबेहूब चव येणार नाही, पण जे येतं ते चांगलं येतं. थेंबानं वापरायची वस्तू आहे, चमच्यानं नाही.

बर्फाकडं आपण कुणीच नीट लक्ष देत नाही आणि इथं तर पेयाचा पाचवा हिस्सा शेवटी बर्फाचं पाणीच असतं. कोल्हापूरच्या घरात फ्रीझर उघडला की काय असतं, रविवारचं राहिलेलं मटण, कांदा-लसूण मसाल्याचा डबा, वाटलेलं आलं-लसूण. बर्फ हे सगळे वास ओढून घेतो. उघड्या ट्रेमधला आठवड्याचा जुना बर्फ नुसता तोंडात टाकून बघा म्हणजे कळेल. म्हणून आदल्या रात्री प्यायच्या पाण्याचा ताजा बर्फ लावायचा, झाकणाच्या डब्यात. शक्य असेल तर छोट्या ट्रेऐवजी वाटीएवढे मोठे गोळे किंवा चौकोन करा, मोठा बर्फ सावकाश विरघळतो. बाहेर काढून ठेवलेला, पाणी सुटलेला बर्फ वापरू नका, फ्रीझरमधनं काढला की लगेच वापरा.

भांड्यांचा खर्च करायची गरज नाही. बारवाल्यांचं मिक्सिंग ग्लास जाड काचेचं असतं, छान दिसतं, पण आपला स्टीलचा तांब्या त्यापेक्षा लवकर गार होतो आणि त्याच्या पोटात बर्फ चांगला फिरतो. लांब दांड्याचा चमचा. गाळायला चहाची गाळणी, पण वेगळी ठेवलेली नवी गाळणी, रोजच्या गाळणीतला चहाचा वास कितीही घासलं तरी जात नाही. मापाला पेग मेजर असेल तर उत्तम, नसेल तर औषधाच्या बाटलीवरचं खुणा असलेलं टोपण, ५, १०, १५ मिलीचं. अंदाजे ओतू नका. व्हिस्की-सोडा अंदाजे चालतो, इथं दहा मिलीनं चव बदलते. ग्लास दांडीचा असावा म्हणजे हाताची ऊब लागत नाही, आइस्क्रीमचा काचेचा दांडीवाला कप असेल तरी छान काम होतं. तो पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, त्याच्याबरोबर तांब्याही.

आता करायला घ्या. तांब्यात ६० मिली व्हिस्की, ३० मिली गोड लाल व्हर्मुथ, बिटर्सचे दोन झटके. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत ५० ला २० आणि एक झटका आहे, म्हणजे व्हर्मुथ कमी, पण माझं मत असं की ताजी व्हर्मुथ हातात असेल तर दोनास एक हेच प्रमाण बरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही कृतींमध्ये तर व्हर्मुथ व्हिस्कीपेक्षा जास्त आहे! बर्बन असेल तर ६० ला २५ आणि तीन झटके. मग बर्फ, तांब्या दोन तृतीयांश भरेल इतका, कंजूषपणा नको, कमी बर्फ घातला तर तो सगळाच विरघळतो आणि पेय गार व्हायच्या आधी पाणचट होतं, जास्त बर्फ घातला की उलट कमी विरघळतो.

चमचा तांब्याच्या कडेला टेकवून सावकाश गोल फिरवायचा, बर्फ सगळा एकत्र फिरला पाहिजे, खडखड आवाज आला नाही पाहिजे. हलवायचं नाही, म्हणजे झाकण लावून शेक करायचं नाही. लिंबाचा रस, अंडं, साय असं काही असेल तेव्हा शेक करतात. इथं शेक केलं तर हवेचे बुडबुडे शिरतात, बर्फाचा चुरा पडतो, गढूळ होऊन वर तपकिरी फेस येतो आणि जिभेवरचा जो रेशमी जाडपणा पाहिजे तो जातो. ढवळताना वीस सेकंदांनी तांब्याला बाहेरून दहिवर धरायला लागतं, तळाकडनं पांढरट होत होत वर चढतं आणि बोट लावलं की चटका बसल्यासारखं गार लागतं. इथं चमच्याच्या टोकावर एक थेंब घेऊन चाखा. अल्कोहोल अजून नाकात झणझणतोय असं वाटलं तर अजून दहा सेकंद, परत चाखा. साधारण तीस ते चाळीस सेकंदांत एक क्षण येतो की व्हिस्की वेगळी आणि व्हर्मुथ वेगळी लागायची बंद होते, तिथं थांबायचं. तोवर नव्वद मिलीत साधारण वीस-बावीस मिली पाणी मिसळलेलं असतं आणि तेवढं लागतंच, ते पाणी म्हणजे भेसळ नव्हे, त्याच्याशिवाय वास मोकळे होत नाहीत. गार ग्लास बाहेर काढा, गाळून ओता. ग्लासात बर्फ घालायचा नाही.

वरून काय घालायचं यावर थोडं सविस्तर. पद्धतीप्रमाणे चेरी घालतात. पण बेकरीत, केकवर, पानात जी लालभडक चेरी मिळते ती बहुतेक वेळा चेरी नसतेच, करवंद असतं, रंगवलेलं आणि पाकवलेलं. ती अजिबात घालू नका, रंग उतरतो आणि नुसती साखर लागते. मात्र करवंद हे फळ या कामाला एक नंबर आहे, आणि आपल्याला ते जवळच मिळतं. उन्हाळ्यात पन्हाळ्याच्या, गगनबावड्याच्या, आंबोलीच्या रस्त्यावर बायका पानाच्या द्रोणात काळी करवंदं घेऊन बसतात. पाव किलो पूर्ण पिकलेली काळी करवंदं घ्या, कच्च्या लाल फळांना चीक असतो, ती बाजूला काढा. धुऊन प्रत्येकाला सुईनं दोन-तीन टोचे मारा. दीडशे ग्रॅम साखर आणि दीडशे मिली पाणी उकळून पाक करा, एकतारीसुद्धा नको, नुसती साखर विरघळली की बास. त्यात करवंदं टाकून मंद आचेवर चार-पाच मिनिटं, फळ फुटू द्यायचं नाही. उतरवून कोमट झालं की तीच व्हिस्की ७५ मिली घाला, बरणीत भरा, फ्रीजमध्ये ठेवा. आठवड्यानं फळाच्या आतपर्यंत उतरतं. पाकाचा रंग इतका सुंदर गडद येतो की बघत बसावं. आपला गूळ जगात भारी असला तरी यात साखरच घ्या, गुळाची खारट-मातकट चव करवंदाला दाबून टाकते. ग्लासात एकच करवंद, आणि पाक निथळून, नाहीतर सगळं गोड होतं. बी असते, पाहुण्यांना आधी सांगा.

करवंदाचा हंगाम नसेल तर संत्र्याची साल. संत्रं कोमट पाण्यानं नीट घासून धुवा, सोलाण्यानं अंगठ्याएवढी पट्टी काढा, आतला पांढरा भाग कमीत कमी. पट्टीचा नारिंगी भाग ग्लासाकडं करून दोन बोटांत दाबा. खिडकीच्या उजेडात किंवा दिव्यासमोर धरून केलं तर तेलाचा बारीक फवारा उडताना दिसतो आणि पेयावर त्याचे चकचकीत ठिपके तरंगतात. नाकाला आधी तो वास लागतो, मग व्हर्मुथ, मग व्हिस्की. साल ग्लासात टाकली तरी चालते, नाही टाकली तरी.

या कॉकटेलची जन्मकथा सांगताना अजून लोक ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या आईचं नाव घेतात, की १८७४ साली न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबात तिच्या पार्टीसाठी हे पहिल्यांदा केलं. सांगायला भारी आहे पण खरं नाही, त्याच सुमाराला, ३० नोव्हेंबर १८७४ ला, तिनं इंग्लंडमध्ये विन्स्टनला जन्म दिला, ती न्यूयॉर्कमध्ये असणार कशी. १८८० च्या दशकात मात्र छापील कृती मिळतात, एवढं पक्कं.

प्यायचं कधी? जेवणाआधी. तांबड्या रश्श्याबरोबर अजिबात नको, अल्कोहोलनं तिखटाची आग अजून भडकते आणि मग ना रश्श्याची चव कळते ना ग्लासाची. आधी हे, सोबत खारे शेंगदाणे, फुटाणे, भाजलेले काजू, मग अर्ध्या तासानं निवांत ताट. एका ग्लासात एका लार्ज पेगपेक्षा थोडा जास्तच अल्कोहोल आहे हे विसरू नका, गार आणि गुळगुळीत असल्यामुळं ते जाणवत नाही. दोन झाले की पुरे, आणि गाडीची चावी आधीच कुणाकडं तरी देऊन टाकायची.

चार-पाच जण येणार असतील तर प्रत्येकाला वेगळं ढवळत बसू नका, गप्पा राहून जातात. चौघांसाठी २४० मिली व्हिस्की, १२० मिली व्हर्मुथ, बिटर्सचे आठ झटके आणि ९० मिली प्यायचं गार पाणी एका बाटलीत भरा. पाणी घालायला जीव धजत नाही लोकांचा, पण बर्फात ढवळणार नाही तर ते पाणी कुठनं येणार. ही बाटली फ्रीझरमध्ये दोन-अडीच तास, रात्रभर नको, गोठून चुरा व्हायला लागतो. माणसं आली की गार ग्लासात सरळ ओतायचं. उरलं तर फ्रीजमध्ये दोन दिवस छान राहतं.

आणि उघडलेली व्हर्मुथ महिन्या-दीड महिन्यात संपवायची कशी, तर तिला एकटीला प्या. मोठ्या बर्फावर ६० मिली व्हर्मुथ, वर सोडा, संत्र्याची फोड, आणि असेल तर एक हिरवं ऑलिव्ह. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गच्चीवर याच्याइतकं हलकं आणि चवीचं दुसरं काही मला सुचत नाही. स्कॉच घरात असेल तर मॅनहॅटनच्याच मापात बर्बनऐवजी स्कॉच घाला, त्याला रॉब रॉय म्हणतात, १८९४ पासूनचं आहे, फक्त धुराच्या वासाची स्कॉच पहिल्यांदा घेऊ नका. गोड जास्त वाटत असेल तर ३० मिलीच्या जागी १५ गोड आणि १५ ड्राय व्हर्मुथ घाला, त्याला परफेक्ट मॅनहॅटन म्हणतात, त्यात करवंदाऐवजी लिंबाची साल. तारीख उलटून गेलेली व्हर्मुथ ओतून द्यायची नाही, मशरूम लोण्यावर परतताना शेवटी अर्धी वाटी घालून मोठ्या आचेवर आटवली की संपली.